तिसऱ्यांदा सीईटी कुणासाठी?

(करवीर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगा बारावी सायन्स, ६१ टक्के. सीईटी दोनदा दिली, हवं ते कॉलेज मिळालं नाही. वडिलांना पुन्हा क्लास लावायचाय. मुलगा रविवारी एका सोलर फिटरबरोबर कामाला जातो. "पाव्हण्यांना काय सांगू, पोरगं पत्र्यावर चढतंय म्हणून?")

नमस्कार.

दीड पानाच्या पत्रात 'पाव्हणे' चारदा आलेत. मुलाला काय वाटतं, ते एकदाही नाही. ६१ टक्क्यांवर काही अडत नाही हो, मला घोर लागलाय तो या हिशोबाचा. दोन वर्षं एकाच परीक्षेपायी दमलेल्या पोराला पुन्हा तिथंच बसवायचं, तर कशासाठी? जत्रेला आलेल्या मंडळींना 'इंजिनिअरिंगला आहे' म्हणून सांगता यावं एवढ्यासाठी?

तुम्ही लिहिलंय, "घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं, पण लाईट गेली की तेही बंद. असल्या फसव्या धंद्यात पोराला घालू?" यात फसवणूक नाही. नेट मीटरचं (म्हणजे लाईनमधून घेतलेली आणि लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचं) साधं सोलर महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जायची आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतायचं. लाईट नसतानाही घर चालवायचं तर बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा, इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हा फरक विकणाऱ्यानं आधी सांगायला हवा होता. पण त्याच्याच खाली तुमची ओळ आहे : "पोरगं म्हणतं, ते तसंच असतंय." म्हणजे त्याला ठाऊक होतं. तुम्ही 'का?' म्हणून विचारलं नाहीत.

बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिकल घ्या, पुढं डिग्रीही करता येते. आयटीआयचा वीजतंत्रीही चालेल.

कामाचं म्हणाल, तर छतावरच्या सोलरसाठी केंद्रानं २०२४ मध्ये आणलेल्या सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. पॅनल पंचवीसेक वर्षं टिकतं, इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधी दुरुस्तीला येतो. ही दुरुस्ती मुंबईहून येऊन कोण करणार?

पोरालाही सांगा, नुसते पॅनल उचलून भागायचं नाही. सावली कुठं पडते, अर्थिंग कसं तपासायचं, नेट मीटरचा अर्ज कसा भरायचा, हे शिकायला हवं. आणि पत्र्यावर चढताना सेफ्टी बेल्ट बांधतो का, ते आज रात्री जेवताना विचारा. बांधत नसेल तर मात्र खुशाल ओरडा.