डोक्यामागचा व्रण पुन्हा कापावा का?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी डोक्यामागची केसांसकट कातडीची पट्टी काढून (एफयूटी) केसांचं रोपण केलं. पुढचे केस छान आले. पण वडिलांच्या दशक्रियेला डोकं भादरलं, तेव्हा मागे या कानापासून त्या कानापर्यंत पांढरा पट्टा उघडा पडला. मधोमध तो ८ मिलिमीटर भरतो. कापून नाहीसा होईल का? केळीचं काम आहे, किती दिवस घरी बसावं लागेल? – एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नाहीसा होत नाही, बारीक होतो. पट्टी काढल्यावर दोन्ही कडा ओढून शिवतात. सगळं जमलं तर १ ते ३ मिलिमीटरची रेघ उरते. पट्टी जास्त रुंद काढली, मानेकडे फार खाली घेतली किंवा टाके निघताच वजन उचललं, की कडांवर ताण येतो आणि पुढचे काही महिने व्रण फाकत राहतो. वर्षभराच्या आत त्याला हात लावू नये. तुमचा आता स्थिरावला असणार.

व्रणाच्या वर-खाली बोटं टेकवून कातडी एकमेकींकडे सरकवून बघा. सहज सरकून मध्ये चुणी पडली तर कापण्यात अर्थ आहे. ढोलकीच्या पुडीसारखी ताणलेली असेल तर दुसऱ्यांदा शिवलेलंही तितकंच फाकेल, कारण ताण गेलेलाच नाही. बहुतेक फसगत इथेच होते. निर्णय अर्थातच तपासून डॉक्टरांनी घ्यायचा. तो प्लॅस्टिक सर्जन किंवा केसांच्या शस्त्रक्रिया करणारा त्वचारोगतज्ज्ञ हवा.

जागा बधिर करून फक्त व्रण काढतात, भोवतालचे चांगले केस नाही. पातं मुळांच्या तिरपेपणाला समांतर धरावं लागतं, नाहीतर कडेचीच मुळं कापली जातात. आतला थर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवला की ताण तिथे राहतो आणि वरचे टाके सैल ठेवता येतात. एका कडेची वरची जेमतेम मिलिमीटरभर कातडी तिरकी तासतात. तिच्याखालची मुळं जिवंत राहतात आणि केस व्रणातूनच वर येतात. हे ट्रायकोफायटिक टाके. केस दिसायला तीन-चार महिने लागतात. त्याआधी व्रणालगतचे थोडे केस गळले तर घाबरू नका, सहसा परत येतात.

कातडी घट्ट असेल तर व्रणातच एकेक केस लावणं बरं. व्रणात रक्तपुरवठा कमी, म्हणून दाटी करायची नाही. आधी विरळ लावून आठ-दहा महिन्यांनी उरलेली भर घालतात. डोक्यावर देण्याजोगे केस कमी असतील तर हनुवटीखालचे दाढीचे केसही चालतात. सगळे मात्र जगत नाहीत. आणि पुन्हा भादरायची वेळ आली तर रेघ दिसणारच. तिथे रंगाचे बारीक ठिपके गोंदवण्याचाच उपाय उरतो, तोही काही वर्षांनी फिका पडतो.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, पण जखम तेव्हा कच्चीच असते. तीन आठवड्यांनीसुद्धा कातडीला मूळच्या पाचव्या हिश्श्याइतकंच बळ असतं. म्हणून केळीचा घड खांद्यावर घेणं, मान वाकवून ओझं उचलणं सहा आठवडे बंद. देखरेखीचं काम आठवड्याभरात करता येईल. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम आणि वर बांधलेला रुमाल टाक्यांना वाईट. दिवाळीनंतरची थंडी धरा. विडी-तंबाखू चार आठवडे आधीपासून बंद (मशेरीही तंबाखूच).

प्रश्न : माझा व्रण रुंद नाही, पण फुगलाय आणि खाजतो. कापून घेऊ का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : आत्ता नाही. फुगवटा जखमेच्या हद्दीतच आहे की बाहेर पसरलाय, ते पाहा. बाहेर गेला असेल तर तो केलॉइड. नुसता कापला तर बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो. दोन्हींत सुरुवात व्रणात ट्रायअमसिनोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने करतात, दर चार ते सहा आठवड्यांनी. छातीवर किंवा कान टोचलेल्या जागी पूर्वी अशी गाठ आली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.