पॅप स्मिअरमध्ये ‘ॲस्कस’ आलं, पुढे काय?

प्रश्न : वय ४२. पॅप स्मिअरच्या रिपोर्टमध्ये ‘ॲस्कस’ लिहून आलंय. त्रास काहीच नाही. जाऊबाई म्हणतात, पिशवी काढून मोकळी हो. काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पिशवी काढायचा विचार आधी डोक्यातून काढा. नुसत्या या रिपोर्टवर ते ऑपरेशन करायचं नसतं. पॅपमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी तपासतात; त्यातल्या काही थोड्या वेगळ्या दिसल्या, पण कशामुळे ते ठरवता आलं नाही, एवढाच याचा अर्थ. साध्या सुजेनेही असं होतं.

आता एचपीव्हीची, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या आणि पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूची, तपासणी करा. नमुना द्रवाच्या बाटलीत, म्हणजे एलबीसी पद्धतीने घेतला असेल, तर उरलेल्या द्रवावर ती होऊ शकते. लॅबला लगेच फोन करा, बाटल्या फार दिवस ठेवत नाहीत. काचपट्टी असेल तर नमुना पुन्हा द्यावा लागेल. पाळीत जाऊ नका. आधी दोन दिवस संबंध आणि योनीत ठेवायच्या गोळ्या टाळा.

निगेटिव्ह आली तर पुढची तपासणी साधारण ३ वर्षांनी. एचपीव्ही करणं जमलंच नाही, तर वर्षभराने पुन्हा पॅप. जुने रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, त्यांवरून हे अंतर बदलू शकतं.

पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. पॅपसारखंच झोपवून गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावतात. बदललेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो; तिथलाच कणभर तुकडा बायोप्सीला घेतात. चिमटा काढल्यासारखं दुखतं, दोन-चार दिवस डाग पडतात. ताप, घाण वासाचा स्राव किंवा पाळीसारखा रक्तस्राव झाला तर मात्र लगेच दाखवा. बायोप्सीत सीआयएन १, म्हणजे पेशींतला सौम्य बदल, आलं तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. २ किंवा ३, म्हणजे जास्त बदल, आलं तर लीपने, म्हणजे तारेच्या कडीने, तेवढाच भाग काढतात. पिशवी जागेवरच राहते.

पॉझिटिव्ह रिपोर्टवरून घरात कुणावर संशय घेऊ नका. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, कधी आला ते सांगता येत नाही. तो मारणारं औषधही नाही. बहुतेकींचं शरीरच दोनेक वर्षांत त्याला हटवतं. म्हणून ‘गोळ्यांचा कोर्स करून बघू’ म्हणत तपासणी पुढे ढकलू नका. खरा घोटाळा इथेच होतो: त्रास नाही म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहतो. आणि संबंधानंतर रक्त गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा.

खासगीतला खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत चौकशी करा. मूळ रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत असू द्या.