'प्रभाव', 'संपर्क' की 'देवाणघेवाण'?

प्रश्न असा आहे: चिनी विद्वान जी श्येनलिन यांच्या कारकिर्दीवर मराठीत लिहायचं आहे. त्यांच्या अभ्यासविषयाला 'भारताचा चीनवरील प्रभाव' म्हणावं, 'भारत-चीन संपर्क' म्हणावं की 'सांस्कृतिक देवाणघेवाण'? आणि खुद्द त्यांना इतिहासकार म्हणावं की भारतविद्येचे अभ्यासक?

माझं मत 'देवाणघेवाण'ला. हे तीन शब्द मागेपुढे काय घेतात ते पाहा. प्रभाव 'वर' पडतो, संपर्क 'शी' येतो, देवाणघेवाण 'दोघांत' होते. प्रभाव म्हटलं की घेणारा नुसता बसलेला वाटतो. त्यानं काय निवडलं, काय बदललं, याला वाक्यात जागाच उरत नाही. संपर्क म्हटलं तर गाठ पडली एवढंच कळतं, पुढं काय झालं ते नाही.

जींनी आयुष्यभर जे शोधलं ते नेमकं या पुढच्या भागात आहे. साखरेचंच घ्या. तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की, 647 मध्ये मगधाचे दूत आले, त्यानंतर सम्राट ताइझोंगनं साखर करण्याची रीत शिकायला माणसं मगधात धाडली. मग यांगझोउचा ऊस मागवून त्या रीतीनं रस आटवला आणि रंगाला, चवीला ती साखर पश्चिमेकडच्या साखरेहून सरस उतरली. इथं 'प्रभाव पडला' कसं म्हणायचं? माणसं मुद्दाम शिकायला गेली होती!

वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत मिळालेल्या जुन्या हस्तलिखितांत कागदाचा एक तुकडा आहे. त्यावर भारतातल्या उसाच्या जाती आणि साखर करण्याची कृती लिहिली आहे. त्यात तीन अक्षरांचा एक शब्द येतो, आजच्या उच्चारात साधारण 'शा-ग-लिंग'. चिनी अर्थ लावू गेलं तर त्यातून काही निघत नाही. जींनी ओळखलं की ही 'शर्करा' आहे, फक्त ध्वनी टिपलेली. आपली 'साखर'सुद्धा त्याच शर्करेची. 1982 मध्ये त्यांनी या तुकड्यावर लेख लिहिला. पुढं साखर शुभ्र करण्याची कला चीनमध्ये वाढली आणि ती पांढरी साखर भारतात परत आली. हिंदीतला 'चीनी' हा शब्द तिचीच खूण, असं जींचं म्हणणं. या व्युत्पत्तीवर वाद झाला आहे, तेव्हा लेखात ती 'जींच्या मते' अशीच द्यावी. पण मगधाच्या रीतीची नोंद आणि शर्करेचा शब्द एवढ्यानंही 'देवाणघेवाण'मधली घेवाण पक्की होते. साखरेच्या इतिहासावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या नावातही सांस्कृतिक देवाणघेवाणीचा उल्लेख आहे.

एक सूचना मात्र आवर्जून. 'दोघांत' लिहिताना मधल्यांना विसरू नका. जी श्येनलिन 1935 मध्ये जर्मनीत ग्यॉटिंगेनला गेले, तिथं संस्कृत शिकले आणि एमिल झीग यांच्याकडून तुखारी. ही मध्य आशियातल्या, आजच्या चीनच्या शिनच्यांग प्रांतातल्या कुचा, तुर्फानकडची लुप्त झालेली भाषा. तिच्या आधारावर त्यांनी 1947 मध्ये मांडलं की, बुद्धासाठीचा चिनी शब्द 'फो' थेट संस्कृतातून आलेला नाही, मध्य आशियातल्या भाषांतून गेला आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणणारा कुमारजीवही कुचाचाच. म्हणून 'भारत, मध्य आशिया आणि चीन यांच्यातली देवाणघेवाण' असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा. 'भारत-चीन' मधली ती छोटी रेघ फार मोठा मुलूख गिळते.

'आदानप्रदान' चूक नाही, जडजंबाल आहे इतकंच. आणि 'प्रभाव' हद्दपार करू नका: एखाद्या शिल्पात गांधारशैली उघड दिसत असेल तर 'गांधारशैलीचा प्रभाव' हेच बरोबर.

दुसरा प्रश्न सोपा. त्यांचं शिक्षण भाषांचं, पुरावा शब्दांचा, निष्कर्ष इतिहासाचे. 'भारतविद्येचे अभ्यासक आणि इतिहासकार' असं दोन्ही लिहा. 1946 मध्ये पेकिंग विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य भाषांचा विभाग उभा केला, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दारावर पहारेकऱ्याचं काम करताना वाल्मीकी रामायण चिनी पद्यात आणलं. 2008 मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. रामायणाविषयी लिहिताना 'रूपांतर' नको, 'भाषांतर' लिहा. त्यांनी ते मूळ संस्कृतावरून केलं आहे.