जनसुनावणीला जायचं की बहिष्कार घालायचा?

खाणीच्या जनसुनावणीला जाऊन उपयोग काय, त्यापेक्षा बहिष्कार घालून गावोगाव फिरू, असं तुमच्या ग्रुपमधले अर्धे जण म्हणतायत. वैताग कळतो, पण २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी) अधिसूचनेत सुनावणीला कोरमच नाही, म्हणजे किमान इतकी माणसं हवीत अशी अटच नाही. तुम्ही गेला नाहीत तरी ती होते, कंपनीने गाडीत घालून आणलेली माणसं 'आम्हाला रोजगार हवा' बोलून जातात आणि इतिवृत्तात तेवढंच राहतं.

तिथे निर्णय होत नाही हे खरंच आहे. कलेक्टर किंवा अ‍ॅडिशनल कलेक्टर ऐकून घेतात, शूटिंग होतं, शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवावे लागतात (ते ऐकल्याशिवाय उठू नका, लोक जेवायला निघतात नि तिथेच घोळ होतो). त्यामुळे साहेबांना पटवायला जायचंच नाही, उद्या हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) दाखवता येईल असं नोंदवायला जायचं. झरा कुठला, त्यावर किती घरं, कंपनीच्या ईआयए रिपोर्टात तो का नाही, असं नेमकं. लेखीही द्या, पोच घ्या. मंजुरीनंतर अपिलाला ३० दिवस, उशिराचं कारण पटलं तर वर ६०, तेव्हा कागद शोधत बसायला वेळ नसतो.

पण नुसत्या कागदावर विसंबलात तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं बघा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, सगळे खूश, जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली, आज तिथून विमानं उडतायत. उलट त्याच गोव्यात रीजनल प्लॅन २०११ (कुठली जमीन कशाला वापरायची याचा आराखडा) आला त्या वेळी गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला प्लॅन मागे घ्यावा लागला. मग टास्क फोर्स बसला, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते, आणि नवीन मसुदा गावागावात चर्चेला गेला. सरकारने लोकांना खरंच विचारलं ते आंदोलन झाल्यावर, आधी नाही.

म्हणून माझं मत, वाड्या आधी फिरा नि त्याच माणसांना घेऊन सुनावणीला जा. नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, ते दिवस पोस्टर रंगवण्यात घालवू नका, बायकांच्या बैठका घ्या, पाण्याचं त्यांना जास्त माहीत असतं. कुठल्या समितीवर घेतो म्हणाले तर दोघांनीच जा नि तिथलं सगळं ग्रामसभेत सांगा. आणि रिपोर्टचा मराठी सारांश आजच मागा, दिला नाही तर तोच पहिला आक्षेप.