कागद आधी गावात वाच

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात, लोकांत फार मिसळू नको, आकडे बिघडतात. गावातल्या बाया विचारतात, आमचं लिहून नेतेस ते जातं कुठं? तू मधोमध अडकलीस. माझं म्हणणं एकच: कागद आधी गावात वाच. विद्यापीठात नंतर.

तुझ्या प्रबंधातल्या 'उच्चभ्रूकरणा'ला, म्हणजे पैसेवाले येतात आणि गरीब हटतात त्याला, नागपूरच्या कडेच्या गावांत 'ले-आउट पडला' म्हणतात. वावराचे प्लॉट पाडून विकतात, वावरवाल्याला पैसे मिळतात. पण मक्त्यानं कसणारा, निंदायला जाणारी बाई, धुऱ्यावर झोपडी टाकून राहिलेलं घर, यांची नावं सातबारावर कधी नव्हतीच. खरेदीखत झालं त्या दिवशी ही माणसं गाव सोडत नाहीत. दोन-तीन वर्षांत एकेक करून जातात, म्हणून कोणाच्या मोजणीत येत नाहीत.

चोवीस वर्षांचा असताना वैनगंगेकाठच्या, धरणाच्या बुडीत जाणाऱ्या एका गावाची घरयादी मी केली. रकाना होता 'जमीन'. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरांपुढे शून्य लिहीत गेलो. जाळं विणत बसलेल्या एका म्हातारीनं वहीवर बोट ठेवलं. "बाबू, माह्यी नदी कोन्त्या रकान्यात लिवली?" मी वही मिटली. यादी वर गेली, गावात कधी वाचली गेली नाही, आणि ती घरं मोबदल्यातून सुटली. रकाने माझे नव्हते. १८९४चा भूसंपादन कायदाही जमिनीपलीकडे फारसं बघत नव्हता. हे सगळं खरं आहे, आणि मी ते आजवर अनेकांना सांगितलं आहे. पण एक संध्याकाळ पारावर ती यादी वाचली असती, तर म्हातारीनं नदीचा रकाना मला पाडायलाच लावला असता.

आकडे बिघडतात म्हणे! वाचल्यानं सुधारतात. शेजारीण लगेच म्हणते, ह्या घरी दोन चुली हायेत, तू एकच लिवली.

२०१३च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणून शेतमजूर, कूळ, कारागीर, मासेमारही येतात, पण आधीच्या तीन वर्षांची उपजीविका दाखवावी लागते. ती दाखवायला तुझी तारीखवार वही कामी येईल. ले-आउटच्या साध्या सौद्यात तर एवढंही कोणी विचारत नाही. तिथं गावाजवळ स्वतःची यादी आणि ग्रामसभेचा ठराव, एवढंच असतं. यादीची एक प्रत गावात राहिली पाहिजे. तू तिथं कायमची नसणार, यादी असेल.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगटांत बाहेरचे अभ्यासक आणि गावकरी एकत्र बसत. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका होत्या. तू दोन महिन्यांत थकलीस?

रागावू नको. वाचन रात्री जेवणानंतर ठेव, दिवसा मजुरीच्या वेळी नको. बाजाराचा दिवस टाळ. अक्षर मोठं काढ, आणि पहिलं नाव सातबारा नसलेल्या घराचं घे.

तुझे काका