बुफे कॅसिनोचा, भूक आपली

(या सदरात उत्तरं देणारे काकाजी आधी नागपूरच्या हॉटेलांत आणि नंतर पणजीच्या एका कॅसिनो बोटीवर आचारी होते. आता आर्वी तालुक्यात राहून लग्नकार्याच्या जेवणाची कामं घेतात.)

प्रश्न : काकाजी, माझं गावात कृषी केंद्र आहे. औंदा टार्गेट पूर्ण झालं म्हणून बियाण्याची कंपनी आम्हा डीलर लोकांना गोव्याला नेऊन राहिली. एक रात्र कॅसिनोच्या बोटीवर आहे. जेवण-पिणं अनलिमिटेड म्हणतात. साध्या पॅकेजचे पैसे कंपनी भरते, वरचं पाहिजे असेल तर फरक आपण द्यायचा. मी पत्ते खेळत नाही, दारू नावापुरती. पण खाण्याचा शौक आहे. वरचं पॅकेज घ्यावं काय?
— एक कृषी केंद्रचालक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, एक रुपयाही वरून भरू नका.

पॅकेजमध्ये काय काय असतं ते आधी पाहा. आत जायचा पास, बुफे, ठरावीक ब्रँडची दारू आणि खेळायला काही रकमेच्या चिप्स, म्हणजे जुगाराची टोकनं. या चिप्स काउंटरवर देऊन रोख मिळत नाही. त्या टेबलावर लावायच्या. जिंकलात तर जिंकलेलं तुमचं, हरलात तर हात झटकून उठायचं. महागड्या पॅकेजात वाढतं ते मुख्यतः चिप्स आणि दारूचा ब्रँड, कुठे कुठे बसायला वेगळी जागा. भाजीचं पातेलं पुष्कळदा तेच असतं. तुम्ही खेळणार नाही, पिणार नाही, मग फरकाचे पैसे कशाचे? बुकिंग करणाऱ्याला एकच विचारा : वरच्या पॅकेजला जेवणाचा हॉल वेगळा आहे काय? 'नाही' म्हणाला तर विषय संपला.

दर कर धरूनच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोच्या प्रवेशावर ४० टक्के जीएसटी आहे. पणजीच्या साध्या खाणावळीत फिश थाळी खाल्ली तर ५ टक्के. शिवाय शुक्रवार ते रविवार बोटींचे दर चढे असतात, आणि डीलर लोकांच्या टूर नेमक्या शनिवारीच का निघतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता जेवणाचं. पंचतारांकित म्हणाल तर मांडणी तशी असते, चव लग्नाच्या चांगल्या केटररची. यात मी बोटीला नावं ठेवत नाही. गिऱ्हाईक येतं सुरत, दिल्ली, हैदराबाद, पुणे अशा चारही दिशांनी. सगळ्यांना चालेल असं करायचं म्हटलं की दाल मखनी, पनीर, बिर्याणी, हक्का नूडल्स आणि जैन काउंटर हे आलंच. गोव्याची म्हणून मांडलेली माशाची कढीसुद्धा कोणाला तिखट लागू नये म्हणून निम्मी मवाळ केलेली. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ती आजाऱ्याच्या पथ्यासारखी लागेल. आमच्या बोटीवर ग्रेव्ह्या आणि मसाला लावून ठेवलेलं मटण-चिकन किनाऱ्यावरच्या किचनमधून यायचं. वर फक्त शेवटची फोडणी आणि तंदूर. म्हणून तंदूरचं जे निघतं ते ताजं, ग्रेव्हीचं जे आहे ते नशिबावर.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ताट उचलू नका. आधी रिकाम्या हातानं एक चक्कर मारा. झाकण उघडून पनीरच्या भांड्यात पाहा. वर तेल जाड होऊन साचलंय, भांड्याच्या आतल्या कडेला सुकलेल्या ग्रेव्हीची तपकिरी रेघ पडलीय, चमचा उभा राहतोय, तर ते भांडं तासाभरापूर्वीचं आहे. भाताचा वरचा थर बोटानं दाबल्यासारखा घट्ट दिसला तर तोही सोडा. याउलट उथळ ट्रेमध्ये थोडंच घातलंय आणि पोरगा सारखा नवा ट्रे आणून बदलतोय, तिथे उभे राहा. मोठं भरलेलं भांडं पाहून आपल्याला बरं वाटतं, पण किचनवाल्याच्या नजरेनं ती आळशीपणाची खूण आहे.

बुफे उघडल्यावर पहिल्या पाऊण तासात जेवून घ्या. बाकीचे लोक तेव्हा नाचगाणं पाहत आणि स्टार्टर खात बसलेले असतात. स्टार्टरवाला ट्रे घेऊन टेबलाशी येतो, तो तळलेल्या मक्यावर आणि आलूवर तुमचं पोट भरवायलाच. दोनदा 'नको' म्हणा. आणि दुपारी पणजीत फिश थाळी खाऊन घ्या, सोलकढीसकट. गोव्याचं जेवण म्हणून घरी जे सांगाल ते तेच असेल.

हाफ पँट आणि चपलेवर आत सोडत नाहीत, वय २१ पूर्ण लागतं, आधार कार्ड खिशात ठेवा.

प्रश्न : आदरणीय काकाजी, मी निवृत्त शिक्षिका. मुलगी-जावई अमेरिकेत फिनिक्सला असतात. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत. जावई लास वेगासला नेणार म्हणतात आणि तिथे 'सीझर्स पॅलेस हॉटेलचा बॅकनाल बुफे की विन हॉटेलचा, तुम्हीच ठरवा' म्हणतात. माणशी सात हजार रुपये ऐकून माझा जीव वर आला. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. यांना सगळं चालतं, पण शुगर आहे. कोणता चांगला? आणि एवढे पैसे घालण्यासारखं आहे काय? मुळात जेवणाला एवढा दर लावतातच कशाला?
— एक वाचक, वरुड

उत्तर : बाई, जावयानं मोठ्या मनानं विचारलंय, तेव्हा तोंडावर नाही म्हणू नका. पण चौघांनी जाण्यात अर्थ नाही. जावई आणि साहेबांना पाठवा.

या दोन्ही ठिकाणी मी पुतण्याच्या कृपेनं जेवलो आहे. बॅकनाल २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हा सीझर्सनं त्यावर १ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले होते आणि रोज ५०० पदार्थ असं सांगितलं जात होतं. जागा अवाढव्य. आचारी तुमच्यासमोर भाजतो, कापतो, उकडतो, म्हणजे मघाशी सांगितलेलं ग्रेव्हीचं नशीब तिथे फारसं आड येत नाही. त्यांची खरी ताकद समुद्रातलं खाणं आणि मांस कापून देणारा काउंटर. विनचा बुफे २००५ चा. फुलांनी सजवलेला उजेडाचा हॉल आहे, गर्दी असली तरी अंगावर येत नाही. बेकरी आणि गोड पदार्थ मला विनचे सरस वाटले. खेकडा आणि भाजलेलं मांस बॅकनालचं. ज्याला समुद्रातलं चालतं त्यानं सीझर्सला जावं, बाकीच्यांनी विनला. कॉस्मोपॉलिटन हॉटेलात विकेड स्पून म्हणून तिसरा आहे. तिथे बरेच पदार्थ एकेका माणसापुरते छोट्या भांड्यांत वाढून ठेवलेले असतात, दरही या दोघांपेक्षा कमी. आचारी म्हणून मला तीच पद्धत सर्वांत आवडली : कोणी कोणाच्या ट्रेमध्ये चमचा ढवळत नाही आणि नासाडीही थोडी.

आता पैशाचं. रात्रीच्या जेवणाचा दर दोन्हीकडे ८० डॉलरच्या आसपास, वारानुसार मागेपुढे. त्यावर आठ टक्क्यांहून थोडा जास्त कर आणि ताटं उचलणाऱ्याला टिप. माणशी शंभराच्या जवळ गेलेच म्हणून समजा. दारूचे वेगळे. एवढ्यात वसूल कोण करतो? जो खेकड्यावर बसतो तो. लांब तंगड्या उभ्या चिरून ठेवलेल्या असतात, आतलं पांढरं मांस काट्यानं ओढलं की सुटतं, वितळलेल्या लोण्यात बुडवायचं. ताटात ढीग दिसतो पण वजन बरंचसं कवचाचं असतं. हाताशी साठलेली टरफलं पाहिली की कळतं पोटात किती गेलं. तरीही बाजारभावानं पाहिलं तर त्या सगळ्या हॉलमध्ये पैसे वसूल करून देणारे पदार्थ दोनच, हे खेकडे आणि कापून मिळणारं मांस. ते तुम्ही खात नाही. उरलं काय? सॅलड, चीज, पाव, पास्ता, फळं, केक. हेच सगळं वेगासच्या साध्या हॉटेलात चौथ्या हिश्शात मिळेल.

साहेबांना एक आधीच सांगून ठेवा. कापून मिळणारा 'प्राइम रिब' म्हणजे गोमांस. सूप, ग्रेव्ही, बीन्स यांतही ते असू शकतं. चालत नसेल तर काउंटरवर विचारावं, तिथले लोक न वैतागता सांगतात. बॅकनालला दीड तासाची मर्यादा असते, म्हणून शुगरची गोळी वेळेवर घेऊन बसावं आणि गोडाच्या दालनाकडे पाठ करून खुर्ची घ्यावी. तुम्हाला आतून पाहायचाच असेल तर रात्रीऐवजी दुपारच्या दरात जा, तो कोणत्या वारी असतो ते आधी विचारून. बरेचसे गरम पदार्थ तेच असतात.

दर एवढा का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी चिडून विचारलंय. १९४१ मध्ये एल रांचो वेगास हे हॉटेल उघडलं, आज ज्याला स्ट्रिप म्हणतात त्या रस्त्यावरचं पहिलं. चाळीसच्या दशकातच तिथे रात्री एक डॉलरमध्ये हवं तेवढं खा, असं जेवण मांडायला लागले. हेतू उघड होता : भूक लागली म्हणून जुगारी उठून जाऊ नये. जेवणात झालेला तोटा टेबलावर भरून निघत होता. कित्येक वर्षं वेगासचा बुफे स्वस्त राहिला तो असा, दुसऱ्याच्या हरलेल्या पैशावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांना जुगारापेक्षा खोल्या, खाणं आणि करमणुकीतून जास्त उत्पन्न मिळू लागलं. मग जेवणानं आपला खर्च आपणच काढावा असं मालकांना वाटलं. मार्च २०२० मध्ये सगळे कॅसिनो बंद झाले, जूनमध्ये उघडले, पण पुष्कळ बुफे उघडलेच नाहीत. रिओ हॉटेलचा प्रसिद्ध कार्निव्हल वर्ल्ड बुफे गेला, अरिया हॉटेलचाही गेला. दोन्हीकडे आता वेगवेगळ्या दुकानांचे फूड हॉल आहेत. उरले ते महागडे. फुकट जेवण आजही मिळतं, पण ते जो भरपूर खेळतो त्याला कॅसिनो देतो. त्या फुकटाची किंमत जावयाला विचारा, तो हसेल.

प्रश्न : नागपूरला कॅसिनो का नाही? मिहानमध्ये एक काढला तर विदर्भाच्या पोरांना काम मिळेल, बुफेही स्वस्तात खायला मिळेल.
— एक युवक, उमरेड

उत्तर : महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ मध्येच करून ठेवला होता, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. स्वस्त बुफेचं म्हणशील तर वर बाईंना दिलेलं उत्तर वाच. आणि गोव्यानं फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत जायला बंदी घातली आहे. ज्यांच्या दारात बोटी उभ्या आहेत त्यांनी काय पाहिलं असेल याचा विचार कर बापू. काम पाहिजे असेल तर हॉटेल मॅनेजमेंट कर. तंदूरवर हात बसलेला पोरगा मला लग्नसराईत शोधून सापडत नाही.

प्रश्न : पुतणीचं लग्न मे महिन्यात गावातच आहे. मुलाकडचे नागपूरचे. भाऊ म्हणतो, कॅसिनोत असतो तसा ८० आयटमचा बफे लावू. हजार माणसांचा अंदाज आहे. केटरर होऊन जाईल म्हणतो. तुमचं मत?
— एक काका, ता. लाखनी

उत्तर : भावाला म्हणा, आयटम वीसवर आण.

८० पदार्थ गरम ठेवायला ८० शेगड्या आणि त्या सांभाळायला माणसं लागतात. गावच्या मंडपात केटरर तेवढी आणत नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं तर ठीक. मधल्या तापमानात जंतूंचं फावतं. मे महिन्यात आपल्याकडे मंडपातच ४५ अंश असतात. रबडी, दहीवडे, क्रीमचे केक, मेयोनेजचं सॅलड हे या उन्हात बाहेर मांडायचे पदार्थच नव्हेत. यादीतून पहिले हेच काढा.

ठेवायचं काय? वांगे-आलूची भाजी, वरण-भात, पोळी, एक पनीर नागपूरकरांसाठी, पाटवडी-रस्सा, मठ्ठा बर्फात ठेवून. भंडाऱ्याचा भात आहे तुमच्याकडे, तर तोच चांगला शिजवा. पाहुणे बिर्याणी नागपुरात रोज खातात. समोर करून देणारे दोनच काउंटर लावा, एक गरम पुऱ्यांचा आणि एक जिलेबीचा. भाज्या मोठ्या गंजात मांडू नका. लहान भांडी, आणि मागे एक माणूस फक्त भांडी बदलायला. त्याचे पैसे केटररशी वेगळे ठरवून लिहून घ्या, नाही तर तोच माणूस वाढायला उभा केलेला दिसेल.

एकच लांब रांग लावली तर शेवटच्या माणसाला तासभर उभं राहावं लागतं. तीच मांडणी दोन्ही बाजूंनी घ्यायला मोकळी ठेवा, अशा दोन करा, म्हणजे चार रांगा होतात. पोळी-भात रांगेच्या सुरुवातीला ठेवून ताट भरवायची केटररची युक्ती असते. ती लग्नात नको, भाज्या आधी ठेवायला सांगा. म्हाताऱ्या माणसांसाठी बाजूला शंभरेक पानांची पंगत बसवाच. माझ्या कामांत मी ती धरूनच दर सांगतो, कारण ताट हातात घेऊन उभ्यानं जेवणं त्यांना जमत नाही आणि ती न जेवता निघून जातात.

आणि जिलेबीवाल्याला आजच पैसे टेकवून ठेवा. मे महिन्याच्या तारखांना तो केटररच्या आधी संपतो.