डेस्कटॉप अधूनमधून हँग होतो, दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पीसी चार वर्षांपूर्वी असेंबल केलेला आहे, कधी दिवसात दोनदा हँग होतो तर कधी तीन दिवस सुरळीत चालतो, विंडोज दोनदा टाकून झालं आणि आता दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतोय. बोर्डाचे पैसे इतक्यात देऊ नका. गेलाही असेल, पण त्याने काही तपासून सांगितल्याचं दिसत नाही. फॉरमॅट मारून उपयोग झाला नाही की बोर्डाचं नाव घ्यायचं, ही पद्धतच आहे.

मी तंत्रज्ञ नाही. साताऱ्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे, आणि ऐन लग्नसराईत माझं मशीन असंच दगा द्यायचं. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते सांगतो.

पुढच्या वेळी हँग झाला की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर आत अजून धुगधुगी आहे. माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला, आणि मिनिटभराने सगळं आपोआप सुटतं, असं असेल तर संशय डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. हार्डडिस्क असेल तर ०५ आणि सी५ या ओळींतला (डिस्कवरच्या खराब जागांचा) आकडा शून्य हवा. तो वाढत चालला असेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे काढा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली असते, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदलून बघा.

चित्र थांबलंय पण गाणं वाजतंय, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळा.

आणि सगळंच ठप्प, कॅप्स लॉकही मेलेला, स्पीकरमधून एकच सूर घर्रर्र? मग रॅम, वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा बोर्ड. माझं हेच होतं.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून घाबरू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हीच बटण दाबून बंद केलंत त्याची ती पावती. त्याच वेळेला 'डब्ल्यूएचईए-लॉगर'ची नोंद असेल तर मात्र हार्डवेअरमध्येच काहीतरी आहे.

रॅम खोडरबरने पुसून बसवणं हा आपल्याकडचा पहिला उपचार, आणि कधीकधी खरंच लागू पडतो. पण त्यावर थांबू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायची सोय, चालू असेल तर बंद करा. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा; एक जरी चूक दाखवली तरी एकेक पट्टी वेगळी लावून परत तपासा. माझ्याकडे रात्रभरात एकही चूक निघाली नाही. तरी मी नवी रॅम घेतली होती, ती वाया.

मग सगळे म्हणाले, उन्हाळा आहे, तापत असेल. हँग जास्त करून दुपारी जेवण करून आल्यावरच व्हायचं, त्यामुळे मलाही पटलं. महिनाभर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावून बसलो. तापमान साठच्या वर जात नव्हतं, हँग होणं चालूच.

शेवटी वही केली. तारीख, वेळ आणि त्या क्षणी दुकानात काय चालू होतं, तेही. आठ-नऊ नोंदींनंतर लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक वेळी लेझर प्रिंटरला पहिली प्रिंट दिलेली असते. सलग छपाई चालू असताना कधीच नाही. जेवायला गेलो की प्रिंटर झोपायचा, परत आल्यावर पहिल्या प्रिंटला त्याचा फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापायला एकदम जास्त करंट ओढायचा, ट्यूबलाइट किंचित मंद व्हायची आणि यूपीएस 'टक्' करायचा. ते 'टक्' रोजचंच, त्यामुळे कानाला जाणवतच नव्हतं.

साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, तेवढा वेळ आतल्या साठ्यावर सहज काढतो. बऱ्यापैकी लोडवरही सोळा-सतरा मिलिसेकंद टिकावं अशी अपेक्षा असते. माझा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. रिपेअरवाल्याने उघडला तर हा साठा धरून ठेवणारा मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. (हे स्वतः उघडून बघू नका, प्लग काढल्यावरही त्यात जोरदार झटका उरतो.) मशीन बंद पडावं इतकी वीज तुटत नव्हती, पण डगमगावं इतकी तुटत होती. रात्रभर मेमटेस्ट पास का झाली तेही तेव्हा कळलं: रात्री प्रिंट कोण काढणार?

एसएमपीएस नवा घेतला, प्रिंटर दुसऱ्या सॉकेटला नेला. त्यानंतर त्या मशीनने पुन्हा तसं केलं नाही.

तुमच्याकडे लेझर प्रिंटर नसेलही. पण त्याच लाइनवर फ्रिज, इस्त्री, पाण्याची मोटर काय आहे ते बघा, आणि हँग झाल्याची वेळ त्यांच्याशी जुळते का ते लिहून ठेवा. जुळो न जुळो, कुणाकडून तरी चालू एसएमपीएस थोड्या दिवसांसाठी मागून आणा. बायोसमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ मध्ये दिसला तरी समाधान मानू नका. तिथे मशीनवर फारसा लोड नसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं तेच कळणार नाही.

तुमचं मशीन तीन-तीन दिवस नीट चालतं, म्हणजे प्रत्येक बदलानंतर निदान दहा दिवस थांबावं लागेल. एवढं करूनही हँग झालंच, तर मग दुकानदाराला बोर्डाचा भाव विचारा.